शुगर आहे ना? मग फॉर्मवर लिही

तुझा मेसेज दोनदा वाचला. शुगर निघाली याचं दुःख कमी आणि रविवारच्या रक्तदान शिबिरात नाव दिलंय त्याचं काय करू याचं टेन्शन जास्त, हे बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे रक्तदानाचं महत्त्व तुला सांगत बसायला नको. पण ती तुझी मैत्रीण म्हणाली ना, "गोळ्या चालू आहेत ते फॉर्मवर लिहूच नको, कोणाला कळतंय", तिथे माझं डोकं फिरलं.

कळणार नाही हे खरंय. दिलेल्या रक्ताची तपासणी होते ती एचआयव्ही, कावीळ असल्या गोष्टींसाठी, शुगर कोण बघतंय. पण फॉर्मवरचा तो गोळ्यांचा प्रश्न तुला पकडायला नाही अगं, तुझ्यासाठीच असतो. रक्त देऊन उठलीस, दरदरून घाम, डोळ्यापुढे अंधारी, चेहरा पांढरा. आता हे बीपी पडल्याने झालं की शुगर उतरल्याने? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फॉर्मवर काही नसेल तर ते बिचारे तुला आडवं करून पाय वर उचलतील, वारा घालतील, आणि शुगर खाली जायची ती जातच राहील. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा शुगर तशी कोसळत नाही, मान्य, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर कोसळू शकते, आणि तू मला फक्त "गोळ्या" एवढंच लिहिलंयस. म्हणून लिही. गोळीचं नाव लिही, डोस लिही.

आणि "माझं गोड रक्त कोणाला तरी चढणार" हे काय डोक्यात घेऊन बसलीस? हिशोब करून बघ. २०० शुगर, म्हणजे १०० मिली रक्तात २०० मिलीग्रॅम साखर, धरली तरी ४५० मिली रक्तात मिळून एक ग्रॅमसुद्धा साखर भरत नाही. आणि ज्या पिशवीत ते जातं तिच्यात आधीपासूनच सीपीडीए नावाचं द्रावण असतं, साधारण ६३ मिली, त्यात जवळपास २ ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरच. मुद्दाम घातलेली, तांबड्या पेशी ३५ दिवस तग धरून राहाव्यात म्हणून. तुझ्यापेक्षा पिशवी गोड आहे. रक्त खराब झालं वगैरे परत बोलू नको माझ्यासमोर.

नियमांचंच बघ ना. भारतात आणि ब्रिटनमध्ये गोळ्यांवर शुगर ताब्यात असेल तर रक्त घेतात, इन्सुलिनवाल्यांचं घेत नाहीत, आणि अमेरिकेत शुगर कंट्रोलमध्ये असली तर इन्सुलिनवाल्यांचंही चालतं. रक्तच खराब असतं तर देश बदलून ते सुधारलं असतं का?

पण तुझी अडचण वेगळीच आहे आणि ती तू मेसेजच्या शेवटी सहज लिहून टाकलीस, की मागच्या आठवड्यात डोस वाढवलाय. अगं हेच तर महत्त्वाचं! गोळी किंवा डोस बदलल्यावर चार आठवडे थांबायचं असतं. शरीराला नवा डोस कसा झेपतोय ते कळायच्या आत रक्त काढायचं नाही. म्हणजे रविवार गेला. जाऊ दे.

मला एकदा शिबिरात फॉर्म घेणाऱ्या माणसाने "शुगर? नको नको" म्हणून परत पाठवलं होतं. कुठली गोळी, कधीपासून, पायाला जखम आहे का, उठल्यावर चक्कर येते का, एक प्रश्न नाही. तेव्हा मी फक्त गोळ्यांवर होतो, दुसरीकडे कदाचित घेतलंही असतं, पण तो "नको नको" असा काही लागला की पुढे कित्येक वर्षं त्या वाटेला गेलोच नाही. आणि आता इन्सुलिन आहे, तेव्हा प्रश्नच मिटला. घरचे अजून ऐकवतात की लिहिलंस म्हणून हाकललं, न लिहिणारे आरामात देऊन आले. आले असतील. तरी उद्या तोच फॉर्म हातात आला तर मी तेच लिहीन. लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत. त्या माणसाने नीट विचारलं नाही म्हणून मी खोटं का लिहू?

एक मात्र जे कोणी सांगत नाही. रक्त दिल्यावर अंगात नव्या तांबड्या पेशी येतात, त्यांना साखर चिकटायला अजून वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे पुढचे दोन-तीन महिने एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. तू खूश होशील, आणि डॉक्टरांना माहीत नसेल तर तेही खूश होऊन गोळी कमी करतील. तेव्हा रक्त दिल्याची तारीख त्यांनाही सांगायची. तिथे लिही, इथे सांग, एकच गोष्ट आहे.

उपाशीपोटी जायचं नाही, पाणी भरपूर पिऊन जायचं, हे तुला आधीपासून माहितीये.

आता प्रिस्क्रिप्शन काढ, डोस बदलल्याची तारीख बघ, त्यात चार आठवडे मिळव आणि त्यानंतर सरळ रक्तपेढीत जा, शिबिरच लागतं असं काही नाही. शिबिरवाल्यांना आजच फोन करून नाव काढायला सांग, आणि कारण विचारलं तर "घरी काम निघालं" म्हणू नको.