गाडीचे टायर आणि ब्रेक पॅड ऑनलाइन घ्यावेत की जवळच्या दुकानातून?

टायर दुकानातूनच घ्या. ऑनलाइन पाच-सातशे कमी दिसतात खरे, पण त्यात फिटिंग, बॅलन्सिंग, नवीन व्हॉल्व्ह काहीच धरलेलं नसतं आणि बाहेरून आणलेला टायर बसवायला दुकानवाला खळखळ करतो ते वेगळंच. मुख्य म्हणजे दुकानात तारीख स्वतः बघता येते, टायरच्या कडेला डीओटी लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे, समजा 2324 असेल तर 2024 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. मी एकदा ऑनलाइन जोडी मागवली तर एक टायर दुसऱ्यापेक्षा दीड वर्ष जुना निघाला, परत पाठवता पाठवता नाकी नऊ आले. नंतर टायरला फुगा आला, म्हणजे कडेला फुगवटा आला, तर वॉरंटीलाही दुकानवालाच कामाला येतो.

ब्रेक पॅड मात्र ऑनलाइन चालतील, पण कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच, आणि पार्ट नंबर जुळवून, कारण एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलला पॅड वेगळे असतात. फार स्वस्त दिसले तर हात लावू नका हो, डुप्लिकेट फार आहेत. पुढच्या किंवा मागच्या, ज्या जोडीचे बदलताय त्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला आणि बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, पहिल्या दाबाला ते सरळ खाली जातं.