शब्द पाठ आहेत, तरी गुण का जातात?

एसएससी सीजीएल, म्हणजे पदवीधरांसाठीच्या केंद्र सरकारी नोकरभरतीच्या परीक्षेच्या तयारीला लागलेली मराठी माध्यमाची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा गणिताचं रडगाणं क्वचितच असतं. भीती असते ती इंग्रजी शब्दांची. सांगलीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, निम्म्या टेबलांवर शब्दांची वही दिसेल. "एवढं पाठ करूनही पेपरात काही आठवत नाही, आमचं माध्यमच आडवं येतं का?" हा प्रश्न ठरलेला.

तासगाव तालुक्यातली एक मुलगी वडिलांसोबत आली होती. तिला इथे स्वाती म्हणू. बी.एस्सी. झालेली, घरची द्राक्षबाग. वडीलच आधी बोलले, "मॅडम, पोरगी रातध्याड पाठांतर करतीया, पण पेपरात काय उतरत न्हाई. पुण्याला क्लास लावू का?" स्वाती मान खाली घालून बसली होती.

मी वही मागितली. लांब वही, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, सगळं ए-बी-सी-डीच्या क्रमाने. ए आणि बीची पानं कोपऱ्यांना मऊ पडलेली, एमच्या पुढची मात्र कोरी करकरीत. चार-आठ दिवस खंड पडला की ही पुन्हा एपासून सुरू करायची. त्यात क्रमच असा, की ॲबेट, ॲब्हॉर, ॲब्जेक्ट, ॲब्जुअर असे एकसारख्या तोंडवळ्याचे शब्द एकाखाली एक. मग डोक्यात खिचडी होणारच. शब्दकोशाचा क्रम शब्द शोधायला चांगला असतो, पाठ करायला नाही.

पण खरी मेख वहीत नव्हती. तिने सोडवलेले सराव पेपर आम्ही पुढे घेतले आणि चुकलेल्या प्रत्येक शब्द-प्रश्नापुढे तिलाच कारण लिहायला लावलं: शब्दच माहीत नव्हता, की माहीत असून चुकला, की दोन पर्यायांत अडकून चुकीचा धरला? निम्म्याहून जास्त प्रश्नांपुढे 'माहीत होता' आलं. एक नमुना सांगते. 'फ्रूगल'चा विरुद्धार्थी विचारला होता. फ्रूगल म्हणजे काटकसरी, हे तिला पक्कं ठाऊक. पर्यायांत 'इकॉनॉमिकल' दिसला, ओळखीचा अर्थ जुळला आणि तिने त्यावरच खूण केली. 'एक्स्ट्रॅव्हॅगंट', म्हणजे उधळ्या, खालीच होता, तिथवर नजर गेलीच नाही. विरुद्धार्थीच्या प्रश्नात समानार्थी पेरून ठेवणं ही परीक्षकांची जुनी खोड आहे. म्हणून कच्च्या कागदावर आधी फक्त 'स' किंवा 'वि' लिहायचं आणि चारही पर्याय वाचल्याशिवाय खूण करायची नाही, एवढं तिला लावून दिलं.

रिकाम्या जागांसाठी दुसरी सवय. पर्यायांवर हात ठेवायचा, वाक्य वाचायचं आणि जागा आधी आपल्या मराठी शब्दाने भरायची. वाक्याचा आशय असा होता: साहेब एरवी ___ असत, तरी त्या दिवशी सगळ्यांवर ओरडले. सुरुवातीला 'ऑल्दो' (जरी) होतं, म्हणजे वाक्य मध्ये उलटं फिरणार. ती म्हणाली, "शांत." मग हात काढला. मोरोज, बेलिजरंट, इरेट, प्लॅसिड. मोरोज म्हणजे उदास, बेलिजरंट म्हणजे भांडखोर, दोन्ही गेले. इरेट (संतापलेला) तिला माहीत नव्हता, "पण इरिटेटसारखा वाटतोय, मॅडम." राहिला प्लॅसिड, म्हणजे शांत, तोच बरोबर. इरेट आणि इरिटेट हे खरं तर सख्खे भाऊ नाहीत, पण शब्दाचा सूर चांगला की वाईट एवढं तिने कानाने ओळखलं आणि तेवढ्याने भागलं. 'बेने' म्हणजे भलं, 'मॅल' म्हणजे वाईट, अशी उपसर्गांची मदतही होते. फक्त आंधळा विश्वास नको. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अमूल्य.

स्वातीने प्रश्न सोडलेही बरेच होते. निगेटिव्ह मार्किंगचा धसका. तेव्हा आम्ही हिशेबच मांडला. टियर एकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे २५ प्रश्न, बरोबर उत्तराला २ गुण, चुकलं तर ०.५० वजा. चारांतला एक डोळे मिटून लावला तर सरासरी ०.१२५ गुण, म्हणजे असून नसल्यासारखा. दोन पर्याय खात्रीने खोडले की तीच सरासरी ०.७५ होते. टियर दोनमध्ये बरोबरला ३ आणि चुकल्याला १ वजा. तिथे आंधळ्या अंदाजाची सरासरी शून्य, पण दोन खोडले की १. दोन पर्याय खोडता आल्यावरही प्रश्न सोडून देणं म्हणजे हातचे गुण टाकणं. हे गणित तिला माझ्या धीर देण्यापेक्षा जास्त पटलं. विज्ञानाची विद्यार्थिनी, आकड्यांवर विश्वास.

वहीचीही वाट बदलली. रोज थोडेच शब्द, तेही सोडवलेल्या पेपरांतले, प्रत्येकापुढे एक छोटं वाक्य. मग दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने मराठी बाजू झाकून आठवून पाहायचं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मांडला होता: पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर निसटतं, नंतर वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी. नुसतं वाचत राहिलं तर ओळख वाढते, आठवण नाही. अभ्यासिकेत तासन्‌तास वही उलटणाऱ्या मुलांना हे सांगून मी थकले.

आणि माध्यम? मराठी माध्यमामुळे इंग्रजी वाचनाचा वेग कमी पडतो, हे खरं आहे आणि त्याला रोज उतारे वाचणं हाच उपाय आहे. पण बेलिजरंट, प्लॅसिड हे शब्द इंग्रजी माध्यमाच्या पोरांच्याही घरात कोणी बोलत नाही. ते त्यांनाही शिकावेच लागतात.

पुढच्या भेटीला स्वाती एकटीच एसटीने आली. नव्या सराव पेपरांत चुका होत्याच, पण कारणांच्या रकान्यात 'माहीत होता' कमी झालं होतं आणि 'शब्दच माहीत नव्हता' वाढलं होतं. तिला वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "अगं, आता कुठे तुझी वही कामाला आली." संध्याकाळी वडिलांचा फोन आला, पुण्याच्या क्लासचं विचारत. तूर्त राहू द्या म्हटलं. महिनाभराने पेपर आणि तो रकाना दोन्ही घेऊन या, मग बघू.