लेड झेपेलिन खरंच एवढा मोठा बँड आहे का? आहे, पण कशामुळे ते सांगतो

भो, तुझा प्रश्न पूर्ण वाचला. तू अमळनेरला शिकतोस, होस्टेलवरचा एक सिनियर रात्रंदिवस लेड झेपेलिन या जुन्या इंग्लिश रॉक बँडचं कौतुक करतो, म्हणून तू मोबाइलवर त्यांचं स्टेअरवे टू हेवन लावलं, चार मिनिटं झाली तरी ड्रम येईना म्हणून बंद केलं, मग नेटवर वाचलं की या लोकांनी अर्धी गाणी दुसऱ्यांची ढापलीत, आणि आता विचारतोयस की हा बँड खरंच एवढा मोठा आहे की जुन्या लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाव मोठं आहे ते बरोबरच आहे. पण लोक ज्या गोष्टींसाठी ते नाव घेतात, स्टेअरवे, गिटारवाल्या जिमी पेजचे लांबलचक सोलो, हॉटेलातले धिंगाणे, त्या सगळ्या जरा बाजूला ठेव. हे चार जण एकत्र कसं वाजवतात आणि ते वाजवलेलं टेपवर कसं उतरवलंय, तिथं हा बँड मोठा आहे, आणि त्यातही जास्त करून जॉन बोनहॅमच्या ड्रममुळे आणि बेस, कीबोर्ड वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्समुळे. गाणी कोणाची हा हिशोब वेगळा आहे आणि त्यात त्यांची बाजू लंगडी आहे, ती मी झाकणार नाही.

चोरीचंच आधी घेऊ, कारण तुझं मन तिथंच अडकलंय आणि अडकायलाच पाहिजे. होल लॉटा लव्ह १९६९ चं, त्यातले शब्द बरेचसे विली डिक्सनच्या यू नीड लव्हमधले, जे मडी वॉटर्सनं १९६२ मध्ये गायलं होतं. डिक्सननं १९८५ मध्ये केस टाकली, १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि नंतर त्याचं नाव लागलं. त्यांच्या लेमन साँगमध्ये हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाचं किलिंग फ्लोअर सरळसरळ आहे. डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड तर जेक होम्सनं १९६७ मध्ये रेकॉर्ड केलेलं गाणं, नाव सुद्धा तेच, आणि अल्बमवर लेखक म्हणून एकटा जिमी पेज. होम्सनं २०१० मध्ये केस केली तेव्हा कुठे तडजोड होऊन पुढच्या रिलीजवर त्याचं नाव आलं. स्टेअरवेवर मात्र जो आरोप होता, स्पिरिट बँडच्या टॉरस या गाण्याची सुरुवात उचलली म्हणून, तो कोर्टात टिकला नाही, २०१६ मध्ये ज्युरीनं झेपेलिनच्या बाजूनं निकाल दिला आणि २०२० मध्ये वरच्या कोर्टातही तोच कायम राहिला. मी दोन्ही गाणी लावून ऐकलीत, उतरत जाणारे तसले सूर शेकडो गाण्यांत आहेत, मला निकाल पटतो. म्हणजे ज्या गाण्यावरून सगळ्यात जास्त बोंबाबोंब झाली तेच गाणं त्यातल्या त्यात स्वच्छ आहे.

यावर झेपेलिनवाले नेहमी म्हणतात की ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, ही लोकपरंपरा आहे, तिथं सगळे एकमेकांचं घेतात. निम्मं खरं आहे ते. आपल्या खानदेशात हे समजायला अवघड नाही. कानबाईची गाणी कोणाची? कोणाचीच नाहीत, लेकीबरोबर माहेरहून सासरी जातात, तिथं कडवं बदलतं, गावाचं नाव बदलतं, कोणी हक्क सांगत नाही. पण बहिणाबाईंच्या ओव्या बहिणाबाईंच्याच. त्यांना लिहिता येत नव्हतं, शेतात, जात्यावर त्या म्हणत गेल्या, मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवल्या, आणि १९५२ ला त्या पुस्तकात आल्या. त्या वहीवर दुसऱ्या कोणी स्वतःचं नाव टाकून छापलं असतं आणि वर म्हटलं असतं की ही तर लोकगीतं आहेत, तर आपण ऐकून घेतलं असतं का? डिक्सन हा शिकागोत बसून पगारी गाणी लिहिणारा माणूस होता, त्याचं नाव माहीत होतं, पत्ता माहीत होता. नाव टाकायला काहीच अडचण नव्हती. पैसा होता, वकील होते, आणि तरी केस होईपर्यंत टाकलं नाही. हा डाग आहे, आणि जो फॅन हा डाग नाकारतो त्याच्याशी मी वाद घालत नाही.

मग तरीही मोठा का म्हणतो? कारण यू नीड लव्ह ऐक आणि लगेच होल लॉटा लव्ह ऐक. शब्द तेच, पण दुसऱ्यात जे वाजतंय ते पहिल्यात कुठेच नाहीये. तो रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, त्याच्यामागं जोन्सचा बेस चिकटून, मधेच सगळं थांबून नुसत्या झांजा आणि चित्रविचित्र आवाज, आणि मग ड्रमच्या एका रोलवर सगळे परत. हे त्यांचं स्वतःचं आहे. हे कोणाकडून घेतलेलं नाही.

मी भुसावळात साउंडचं काम करतो, ऑर्केस्ट्रा, लग्नं, गणपती, शाळांची गॅदरिंग, सगळं. त्यामुळे मी हा बँड गिटारवाल्याच्या कानानं ऐकत नाही, मिक्सरच्या मागं बसलेल्या माणसाच्या कानानं ऐकतो, आणि तिथून पाहिलं तर व्हेन द लेव्ही ब्रेक्सचा ड्रम म्हणजे शाळा आहे शाळा. १९७१ चा चौथा अल्बम, शेवटचं गाणं. इंग्लंडमध्ये हेडली ग्रेंज नावाची जुनी मोठी इमारत भाड्यानं घेतली होती, तिच्या दारातल्या हॉलमध्ये बोनहॅमचा सेट मांडला, आणि इंजिनिअर अँडी जॉन्सनं दोन माइक जिन्यावरून वर टांगले. दोनच! आपण लग्नाच्या स्टेजवर किकला एक, स्नेअरला एक, टॉमला दोन, वरून दोन लावतो आणि तरी ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. तिथं त्यांनी जिन्याचा, भिंतींचा, त्या उंच छताचा आवाज धरला, वरून एको युनिट, म्हणजे आवाज घुमवणारं यंत्र, टाकलं आणि टेप थोडी हळू केली. जागा वाजतेय, माणूस त्या जागेत वाजवतोय, असं ऐकू येतं. पुढं १९८६ मध्ये बीस्टी बॉईज या रॅप ग्रुपनं तोच ड्रम उचलून त्यावर रॅप केलं, आणि नंतर किती जणांनी तो सॅम्पल वापरला याला गणती नाही. म्हणजे ज्यांना रॉकशी घेणंदेणं नाही त्यांनाही तो ड्रम पाहिजे होता. या गाण्याची मूळ रचना कॅन्सास जो मॅककॉय आणि मेम्फिस मिनी यांची, १९२९ ची, मिसिसिपीला १९२७ मध्ये जो महापूर आला त्यावरची, तापीकाठच्या माणसाला त्यातलं दुःख वेगळं सांगायला नको. इथं निदान मेम्फिस मिनीचं नाव पहिल्यापासून टाकलं, कॅन्सास जोचं मात्र इथंही राहून गेलं.

आता काश्मीर. हे गाणं १९७५ च्या फिजिकल ग्राफिटी अल्बममधलं. आपल्याकडच्या लोकांना नाव बघून वाटतं काश्मीरवर असेल, पण शब्द गायक रॉबर्ट प्लांटला मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर सुचले, काश्मीरशी संबंध नाही. ते सोड, तू तबला शिकलायस असं लिहिलंयस म्हणून मुद्दाम सांगतो, हे गाणं लाव आणि बोनहॅमच्या ड्रमवर चार-चार मोज. मग परत सुरुवातीपासून लाव आणि गिटारवर तीन-तीन मोज. दोन्ही बरोबर येतात. ड्रम चारानं चाललाय, गिटार तिनानं, आणि बारा मात्रांनी दोघं एका ठिकाणी भेटतात, परत सुटतात. आपल्याकडे लयकारीत हे रोज चालतं, पण इथं कोणी तिहाई घेऊन समेवर येऊन दाखवत नाही, टाळीची वाट बघत नाही, बोनहॅम तर जवळजवळ काहीच करत नाही, साधा ठोका धरून बसलाय भिंतीसारखा, आणि त्याच्यावरून ते तिनाचं चक्र फिरत राहतं, म्हणून ऐकणाऱ्याला असं वाटतं की गाणं पुढं पण चाललंय आणि जागेवर पण आहे. एवढा ताकदीचा माणूस एवढा कमी वाजवतो, हे मला त्याच्या मोबी डिकमधल्या लांब सोलोपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. ब्लॅक डॉग पण असंच, तिथला रिफ जोन्सनं आणलेला, तो वेडावाकडा पळतो आणि ड्रम सरळ राहतो, पहिल्यांदा ऐकताना वाटतं कोणीतरी चुकलंय, पण कोणी चुकलेलं नाहीये.

जोन्सबद्दल कोणी बोलत नाही त्याचा मला राग येतो. पेज आणि जोन्स दोघंही बँडच्या आधी लंडनमध्ये सेशनवाले होते, म्हणजे दिवसभर स्टुडिओत जायचं, समोर कागद ठेवला की वाजवायचं आणि पुढच्या स्टुडिओत पळायचं. त्यामुळे १९६८ ला बँड झाला आणि लगेच पहिला अल्बम पेजच्या सांगण्याप्रमाणे जवळपास ३६ तासांच्या स्टुडिओ वेळात उरकला, पेजनं पदरचे पैसे घालून. स्टेअरवेच्या सुरुवातीला बासरीसारखं जे ऐकू येतं ते जोन्स, नो क्वार्टर या गाण्यातला पाण्याखालून आल्यासारखा कीबोर्ड जोन्स, मँडोलिन जोन्स. आणि ते तू बंद केलेलं स्टेअरवे, त्यात ड्रम सव्वाचार मिनिटांनंतर येतो तो मुद्दाम तसा ठेवलाय, आठ मिनिटांचं गाणं हळूहळू चढवत नेलंय, पण मी तुला खरं सांगू का, ते गाणं पहिल्यांदा ऐकायचं गाणंच नाही. सगळ्यांनी एवढं वाजवून वाजवून त्याची धार घालवलीये.

काय मोठं नाही तेही सांगतो. प्लांटचे शब्द बरेच ठिकाणी पोकळ आहेत. लाइव्हमध्ये डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड वीस-पंचवीस मिनिटं ताणायचे, त्यातलं निम्मं कापलं तर काही बिघडत नाही. आणि ते धिंगाण्याचे किस्से, टीव्ही खिडकीबाहेर फेकले वगैरे, लोक हसत हसत सांगतात, मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. १९७७ मध्ये ओकलंडला शो होता तेव्हा प्रमोटर बिल ग्रॅहमच्या माणसाला बॅकस्टेजला बेदम मारलं, बोनहॅम आणि मॅनेजर पीटर ग्रँट धरून चौघांवर केस झाली. मी स्टेजमागं काम करणारा माणूस आहे, मार खाणारा तिथला आमच्यासारखाच कामगार होता. हे असलं कोणी त्यांच्या मोठेपणात मोजत असेल तर त्याला सरळ नाही म्हण.

जुन्या लोकांनी डोक्यावर घेतलं म्हणतोस, पण जाणकारांनी पहिल्यांदा घेतलंच नव्हतं. रोलिंग स्टोन मासिकानं पहिल्या अल्बमला झोडपून काढलं होतं. नाव झालं ते ऐकणाऱ्यांनी केलं, आणि टिकलं ते वाजवणाऱ्यांनी टिकवलं, कारण नंतरच्या प्रत्येक ड्रमरला कधी ना कधी हा माणूस हे कसं करतो ते शोधावंच लागलं. २५ सप्टेंबर १९८० ला बोनहॅम गेला, ३२ वर्षांचा, दारूनं. डिसेंबरमध्ये बाकीच्यांनी सांगून टाकलं की आम्ही असं पुढं चालवू शकत नाही. ड्रमर बदलून चालू ठेवता आलं असतं, पैसा कमी नव्हता, मोठमोठ्या बँडांनी तसं केलंय. पुढं २००७ ला लंडनला एक पूर्ण शो केला तो त्याच्या मुलाला, जेसनला, ड्रमवर बसवून, आणि तेवढाच. त्यांना स्वतःला माहीत होतं बँड कशावर उभा होता.

एक मुंबईची गोष्ट फार जणांना माहीत नसते. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते आणि आपल्या वादकांना घेऊन फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स ही दोन गाणी परत रेकॉर्ड केली, तबला, सारंगी वगैरे. फोर स्टिक्समध्ये पाचाचा आणि सहाचा हिशोब मिसळलाय, बोनहॅम त्यात दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवतो म्हणून ते नाव. ते रेकॉर्डिंग कितीतरी वर्षं डब्यात पडून होतं, २०१५ मध्ये कोडा या बँड संपल्यानंतरच्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत आलं. फार ग्रेट आहे असं नाही म्हणणार, सुरुवातीची चाचपणी आहे, पण तू तबलावाला आहेस, तुला ते मूळ गाण्याशेजारी लावून ऐकायला मजा येईल.

आता कसं ऐकायचं. मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात नको, त्यातून बेस येतच नाही, म्हणजे अर्धा बँड तिथंच गेला. बरे इअरफोन घे किंवा कोणाकडे दोन चांगले स्पीकर असतील तर तिथं जा. पहिलं व्हेन द लेव्ही ब्रेक्स, नुसता ड्रम ऐक, बाकी काही ऐकू नको. मग काश्मीर, वर सांगितलं तसं हातानं मोजून. मग सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू, हा संथ ब्लूज आहे, प्लांटचा सगळ्यात चांगला आवाज मला इथं वाटतो, आणि शांत जागी कान दिलास तर बोनहॅमच्या किकच्या पेडलची करकर ऐकू येते, तेल न घातलेल्या दारासारखी. त्यांनी ती तशीच ठेवली. माझ्या मिक्सरवर असं आलं असतं तर मी आधी धावत जाऊन पेडलला तेल घातलं असतं, पण त्यांना तो टेक चांगला वाटला म्हणून करकरीसकट ठेवला, याला कान लागतो. त्यानंतर मडी वॉटर्सचं यू नीड लव्ह, हाउलिन वुल्फचं किलिंग फ्लोअर आणि मेम्फिस मिनीचं मूळ लेव्ही ऐकच, हे टाळू नको, कारण ही माणसं स्वतःच्या बळावर ऐकण्यासारखी आहेत, झेपेलिनच्या आधीची पायरी म्हणून नाही. मग चौथा अल्बम पहिल्यापासून सलग, त्यात स्टेअरवे आपोआप येईल, तेव्हा बंद करू नको. फिजिकल ग्राफिटी दोन भागांत ऐक, एका बैठकीत जड जातो. प्रेझेन्स आणि इन थ्रू द आउट डोर हे बँड चालू असतानाचे दोन शेवटचे अल्बम सध्या राहू दे, आवडला बँड तर पुढच्या वर्षी बघ.