घरात दिव्याखाली रुजवलेली अंजिराची छाट कलमे माना टाकत असतील, तर ती कशी वाचवावीत?

आपण लिहिले आहे की, सासवडजवळच्या एका बागेतून छाटणीच्या वेळी आणलेल्या अंजिराच्या आठ काड्या आपण बाणेरच्या सदनिकेत एलईडी दिव्याखाली लावल्या, तीन आठवड्यांत त्यांना पाने फुटली आणि आता कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओले असूनही ती पाने पिवळी पडून लोंबू लागली आहेत. यातील ‘ओले असूनही’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

पाने फुटली म्हणजे काडी रुजली, असे नव्हे. पक्व काडीत साठलेले अन्न डोळे फुटण्यास पुरेसे असते, त्यामुळे पुरेशी मुळे येण्यापूर्वीच दोन-तीन पाने उमलतात आणि ती जेवढे पाणी हवेत सोडतात तेवढे खालून ओढणे त्या काडीला अजून शक्य नसते. पानांनी मान टाकली की आपण आणखी पाणी घालतो. भिजलेल्या कोकोपीटमध्ये हवा उरत नाही, कोवळी मुळे गुदमरून कुजतात आणि भांड्यात पाणी असून रोप तहानलेलेच राहते. पहिल्या वर्षी मी बारांपैकी नऊ काड्या अशाच गमावल्या, कारण पानांच्या पिवळेपणावर उपाय म्हणून मी पाण्यासोबत खतही देत राहिलो. त्याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून आजपासून पाणी आणि खत दोन्ही थांबवावे आणि सर्वांत वाईट दिसणारी एक काडी हलक्या हाताने बाहेर काढून पाहावी. मुळे तपकिरी, बुळबुळीत आणि कुबट वासाची असतील, तर ती साध्या पाण्यात धुऊन कुजका भाग स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने कापून टाकावा, मोठी पाने निम्मी छाटावीत आणि काडी कोकोपीट व परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) समप्रमाणात घेऊन केलेल्या ताज्या, केवळ दमट मिश्रणात पुन्हा लावावी. दमट म्हणजे मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब पडेल इतकेच. अंजिराचा चीक त्वचेला चुरचुरतो, तेव्हा हातमोजे अवश्य घालावेत. भांड्याच्या तळाला छिद्रे असलीच पाहिजेत. पुढचे पाणी भांडे उचलून हलके लागल्यावरच द्यावे. वरचा थर कोरडा दिसला म्हणून देऊ नये.

मुळे पांढरी आणि टणक निघाली, तर मात्र दोष बहुधा वरच्या बाजूस आहे. दिवा शेंड्यापासून निदान दीड फूट वर घ्यावा आणि चौदा तासांहून अधिक चालू ठेवू नये. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा अतिशय कोरडी होते, त्यात पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट पानांवर येत असेल, तर निरोगी मुळेही पुरी पडत नाहीत. काडीवर पारदर्शक पिशवी सैलसर घालावी, तिला चार-पाच छिद्रे पाडावीत आणि नवे पान वाढू लागले की आठ-दहा दिवसांत ती थोडी थोडी उघडत न्यावी. एकदम काढल्यास पाने पुन्हा कोमेजतात.

आपल्या सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते का, तेही पाहावे. भांड्याच्या काठावर पांढरा थर दिसत असेल आणि शिरा हिरव्या राहून त्यांच्यामधला पानाचा भाग पिवळा होत असेल, तर क्षारांमुळे मुळांना लोह घेता येत नसण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी खत वाढवण्याऐवजी पावसाचे किंवा फिल्टरचे कमी क्षारांचे पाणी वापरावे.

जुनी पिवळी पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत, तेव्हा त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नये. काडीची साल नखाने किंचित खरवडावी. आत ओलसर हिरवे दिसले, तर सर्व पाने गळाली तरी ती काडी टाकू नये. तीन-चार आठवडे वाट पाहावी आणि नवे पान पूर्ण उघडल्यानंतरच १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) पाण्यात विरघळणारे खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, पंधरा दिवसांतून एकदा सुरू करावे.