शॉकअप बदलू की ट्रॅकवर शिकू?

प्रश्न (लातूर): जुनी हॅचबॅक आहे, रोजच्या वापरातली. एक लाख रुपये जमवलेत. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र संच, ज्याने गाडी खाली घेता येते) बसवू की शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकायला जाऊ? मित्र म्हणतात, आधी गाडी तयार कर.

उत्तर: आधी शिकायला जा. सस्पेन्शनमधला बदल कळायला चालवणाऱ्याचा हात एकसारखा लागतो. तुमच्या लागोपाठच्या फेऱ्यांतच दोन-तीन सेकंद इकडेतिकडे होत असतील, तर नव्या स्प्रिंगने वाचवलेलं अर्धं सेकंद दिसणार कुठे? गाडी सुधारली की आपण, हेच समजत नाही.

शिवाय आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर चाकाला वरखाली व्हायला जागा हवी. गाडी खाली घेतली की ती जागाच जाते. शॉकअप बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, आपटतो आणि टायर पकड सोडतं. ट्रॅकच्या चार दिवसांसाठी वर्षभर हे सोसू नका.

मराठवाड्यात सर्किट नाही, म्हणजे प्रवास आलाच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट ३.७ किमीचं आहे, कोइम्बतूरचं करी २.१ किमीचं. नवख्याला मी करी सुचवेन. फेरी छोटी, त्यामुळे चुकलेलं वळण लगेच पुन्हा समोर येतं. प्रशिक्षणाला शाळेचीच गाडी मिळते का ते विचारा, आणि मिळत असेल तर सरळ रेल्वेने जा.

स्वतःची गाडी नेणार असाल तर पहिला खर्च टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलवर करा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ते उकळलं की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. विम्याची पॉलिसीही वाचा. शर्यत आणि वेगचाचणी त्यात सहसा वगळलेली असते.

प्रश्न (बीड): पहिल्या ट्रॅक डेला (आपली गाडी सर्किटवर चालवायच्या दिवशी) वळणात गाडी सारखी बाहेर जात होती. गॅरेजवाले पुढे जाड अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) टाका म्हणतात.

उत्तर: नका टाकू. पुढचा बार कडक केला की वळणात बाहेरच्या पुढच्या चाकावर आणखी भार जातो, आणि पुढची एकूण पकड बहुतेक वेळा उलट कमी होते. म्हणजे तक्रार वाढेल.

माझा संशय वेगळा आहे. तुम्ही वळणात जास्त वेगाने शिरत असाल, आणि गाडी वळेना म्हणून स्टीअरिंग आणखी फिरवत असाल. टायर आधीच घसरत असताना जास्त वळवून ते जास्त पकडत नाही. पुढच्या वेळी थोडा आधी ब्रेक मारा, पण पेडल झटक्यात सोडू नका. हळूहळू सोडलं की वजन पुढच्या चाकांवर राहतं. स्टीअरिंग सरळ व्हायला लागल्यावरच रेस द्या. शेजारी प्रशिक्षक बसवलात तर हे एका सत्रात दाखवून देईल. तरीही गाडी बाहेर ढकलली जात असेल, तर टायरची हवा आणि चाकांची अलाइनमेंट तपासा.

प्रश्न (जालना): समृद्धी महामार्ग जवळच आहे. रात्री रिकामा असतो. तिथे सराव केला तर?

उत्तर: अजिबात नको. तो सार्वजनिक रस्ता आहे, मर्यादा ताशी १२० किमी आहे, आणि पुढे बंद पडलेला ट्रक उभा असू शकतो. लांब सरळ रस्त्यावर वळणाचं काही शिकताही येत नाही. रोजच्या वेगातच नजर लांब ठेवायची आणि ब्रेक अलगद सोडायची सवय लावा. पाठ सीटला टेकून हात लांब केल्यावर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. घरी स्टीअरिंग-पेडलवाला सिम्युलेटर असेल तर सर्किटची वळणं पाठ करायला तो उत्तम.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): गाडी ९०,००० किमी चालली आहे. गतिरोधकानंतर दोन-तीनदा उसळते. हीच संधी साधून स्पोर्ट्स शॉकअप टाकू का?

उत्तर: ही दुरुस्ती आहे, आणि ती ट्रॅकच्याही आधी करायची. कंपनीच्याच दर्जाचे शॉकअप घ्या, एका अ‍ॅक्सलचे (पुढचे किंवा मागचे) दोन्ही एकदम बदला, चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश चिरले असतील तर तेही. मग अलाइनमेंट करून घ्या.