‘तिचीही आई पार्लर चालवायची’

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. तुम्ही सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी पार्लर चालवता. मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत. लेक अकरावी सायन्सला आहे. दुसरीपासून कथक शिकत होती, पण दहावीला ‘बोर्डाचं वर्ष’ म्हणून क्लास बंद केला आणि तो बंदच राहिला. आता तिला अभिनेत्री व्हायचंय. मुंबईतली एक अॅक्टिंग अॅकॅडमी सहा महिन्यांचा कोर्स आणि पोर्टफोलिओ मिळून दीड लाख मागतेय. त्यासाठी कॉलेज सोडायचीही तिची तयारी आहे. तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा तिनं मोबाइल पुढे करून पेनेलोपे क्रूझ या स्पॅनिश अभिनेत्रीचा फोटो दाखवला. म्हणाली, “हिचीही आई पार्लरच चालवायची. पंधराव्या वर्षी तीनशे मुलींमधून निवडली गेली. पुढे ऑस्कर मिळालं.” तुमचा प्रश्न असा की हे खरं आहे का, आणि खरं असेल तर मीच मुलीच्या आड येतेय का. शेवटी तुम्ही लिहिलंय, “तिचं इंग्रजीही यथातथाच आहे.”

खरं आहे, हे आधी सांगून टाकते. पेनेलोपेचा जन्म १९७४ चा, माद्रिदला खेटून असलेल्या आल्कोबेंदासचा. वडील मोटार मेकॅनिक, आई हेअरड्रेसर. तीन भावंडांत ही थोरली. पंधरा वर्षांची असताना एका टॅलेंट एजन्सीच्या निवडीत तीनशेहून जास्त मुलींमधून ती निवडली गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्पॅनिश अभिनेत्री. बक्षीस घेताना तिनं आपल्या गावाचं नाव घेतलं आणि तिथं असलं स्वप्न फारसं खरं होण्यातलं नव्हतं, असंही सांगितलं. म्हणजे लेकीची माहिती चुकीची नाही. पण तिनं १९८९ धरलं आणि २००९ धरलं. मधली वीस वर्षं गाळली, आणि १९८९ च्या आधीचं तर सगळंच.

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी अडले ते दीड लाखाचं नव्हे, कथकचं. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. पेनेलोपे त्या निवडीला गेली ती नुसता चेहरा घेऊन नाही. स्पेनच्या राष्ट्रीय नृत्यशाळेत तिनं नऊ वर्षं शास्त्रीय बॅले केलाय. नऊ वर्षं रोज आरशासमोर उभं राहायचं, तीच हालचाल पुन्हा करायची, बोटं सोलली तरी मोजणी चुकवायची नाही. असं शरीर कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहतं, ते तिचा कुठलाही सिनेमा आवाज बंद करून दहा मिनिटं पाहिलात तरी कळेल. नुसती दारातून आत आली तरी त्या बाईचा दिवस कसा गेला ते समजतं. धाकटी बहीण मोनिकाही आधी नर्तकी, मग अभिनेत्री. त्या घरात नाच हा ‘छंद वर्गा’तला विषय नव्हता.

तुमची लेक आठ वर्षं कथक शिकली. कथकमध्ये गतभाव असतो, त्यात एकाच मुलीनं कृष्णही व्हायचं आणि राधाही, मध्ये फक्त एक पलटा. दागिने नाहीत, सेट नाही, कपडे बदलायला वेळ नाही. ही अभिनयाची तालीम नाही तर काय आहे? जी शिदोरी मुलीकडे आधीच होती ती आपण बोर्डाच्या टक्क्यांसाठी फडताळात टाकली, आणि आता त्याच कामासाठी दीड लाख मोजायचे की नाही यावर घरात भांडण चाललंय. रागावू नका. असं करणारे तुम्ही एकटे नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ पालकांनी दहावीला काहीतरी बंद केलेलं असतं: तबला, खो-खो, चित्रकला. ते पुन्हा चालू करायचं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता पार्लरचं. लेकीनं ते तुमचं तोंड बंद करायला वापरलं, पण त्यातली खरी गोम तिच्याही ध्यानात आलेली दिसत नाही. पेनेलोपेनं मुलाखतींमधून वारंवार सांगितलंय की आईचं सलून ही तिची पहिली अभिनयशाळा. शाळेतून आली की तिथं बसायची, अभ्यासाचं निमित्त करायची आणि बायकांकडे बघत राहायची. केस कापायला बसलेली बाई आरशात स्वतःकडे बघत बोलते, घरी बोलणार नाही ते बोलते. कोण काय सांगतेय आणि काय लपवतेय, हे त्या मुलीला दिसत होतं. तुम्हाला हे मी काय सांगावं! लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीबरोबर येणारी मावशी आणि एकटीच येऊन “जरा फेशियल करा” म्हणणारी बाई यांतला फरक तुमच्याइतका कुणाला कळणार? लेकीला मात्र पार्लर म्हणजे कमीपणा वाटतो, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. नटीचं उदाहरण देताना तिला पार्लरचा अभिमान वाटला आणि मैत्रिणी आल्या की ती मागच्या दारानं जाते, हे दोन्ही तुम्हीच लिहिलंय.

मधल्या वीस वर्षांकडे येते. सुरुवात झकास झाली. १९९२ मध्ये, अठराव्या वर्षी, दोन सिनेमे आले. त्यांतल्या ‘बेल एपोक’ला परभाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पेद्रो अल्मोदोवार हा तिचा लाडका दिग्दर्शक. शाळकरी वयात त्याचाच सिनेमा पाहून तिनं अभिनयात जायचं ठरवलं होतं. त्याच्याकडे काम मिळालं ते १९९७ मध्ये, आणि कसलं? सिनेमाच्या सुरुवातीची काही मिनिटं. माद्रिदच्या रस्त्यावर, थंडीच्या रात्री, चालत्या बसमध्ये बाळंत होणारी मुलगी. तेवढंच. तोवर ती स्पेनमध्ये नायिका म्हणून माहीत होती, तरी केलं. दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या ‘ऑल अबाउट माय मदर’मध्ये एका तरुण ननची भूमिका, पुन्हा मुख्य नाही.

मग हॉलिवूड. तुमच्या लेकीनं गाळलेला भाग तो हाच, आणि मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतला सगळ्यात कामाचा. २००० आणि २००१ या दोन वर्षांत तिचे पाच अमेरिकन सिनेमे आले. मोठे नायक, मोठं बजेट, मासिकांच्या मुखपृष्ठांवर फोटो. भूमिका मात्र बहुतेक ‘सुंदर परदेशी मुलगी’ एवढ्यापुरत्या. ‘व्हॅनिला स्काय’ची गंमत बघा. तो १९९७ च्या एका स्पॅनिश सिनेमाचा अमेरिकन अवतार. दोन्हींत तीच भूमिका हिनंच केलीय. मुलगी तीच, पात्र तेच, बदलली ती भाषा. आणि २००१ च्या तीन इंग्रजी सिनेमांसाठी तिचं नाव वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनेत्रीच्या, त्या चेष्टेच्या पुरस्काराच्या यादीत आलं.

त्या वेळी ती सत्तावीस वर्षांची होती. इथं बरेच जण दोनपैकी एक करतात, एक तर मिळतंय ते घेत राहतात, नाही तर खचून सोडतात. तिनं अमेरिका सोडली नाही, पण पाय युरोपात ठेवले. इटालियन शिकली आणि २००४ च्या एका इटालियन सिनेमात अशी कंगाल, विस्कटलेली बाई उभी केली की इटलीचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार तिला मिळाला. मग २००६ मध्ये पुन्हा अल्मोदोवार, पुन्हा स्पॅनिश: ‘वोल्वेर’. शब्दाचा अर्थच ‘परतणं’. त्यात ती रायमुंदा आहे. साफसफाईची कामं करणारी, पोरगी सांभाळणारी, वेळ आली तर शेजारचं बंद हॉटेल उघडून तीस माणसांचं जेवण रांधणारी बाई. दिग्दर्शकानं तयारीसाठी तिला आना मान्यानी, सोफिया लॉरेन यांचे जुने इटालियन सिनेमे बघायला लावले. पण ती बाई कमरेवर हात ठेवून कशी उभी राहते, शेजारणीशी कशी खोटं बोलते, हे पाहताना मला तरी तिच्या आईचं सलूनच दिसतं. कान महोत्सवात त्या सिनेमातल्या सहा अभिनेत्रींना मिळून सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला गेला. ऑस्करच्या मुख्य अभिनेत्रींच्या यादीत तिचं नाव आलं तेही याच भूमिकेसाठी. संवाद सगळे स्पॅनिशमध्ये.

म्हणून इंग्रजीचं उत्तर. इंग्रजी शिकायला हवं, त्यात वाद नाही. पेनेलोपेही शिकली. पण तिला ऑस्कर ज्या भूमिकेसाठी मिळालं ती आठवा. २००८ चा ‘विकी क्रिस्तिना बार्सेलोना’, त्यातली मारिया एलेना. ही बाई चिडली की इंग्रजी सोडून स्पॅनिशमध्ये शिरते, आणि समोरचा माणूस (हावियेर बार्देम, पुढे २०१० मध्ये तिचा नवरा झाला) तिला सारखा बजावत राहतो, “इंग्रजीत बोल.” ती काही ऐकत नाही. सिनेमाची सगळी धग त्या न ऐकण्यात आहे! तेव्हा लेकीचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून इतक्यात काळजी करू नका. तिचं मराठी कसं आहे ते मला कळवा. एखादी कथा न अडखळता, पात्रांचे आवाज वेगळे ठेवून वाचून दाखवते का? घरची सातारी बोली आणि प्रमाण मराठी, दोन्हींत सहज ये-जा करते का? पुण्यामुंबईच्या मुलांना ती बोली महिनाभर घोकावी लागते, हिच्या जिभेवर ती आयती आहे.

दीड लाखाबद्दल थोडक्यात. देऊ नका. त्या संस्थेची मला माहिती नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बरंवाईट बोलत नाही. पण या धंद्यातली रीत अशी की एजंट कलाकाराला काम मिळवून देतो आणि त्या कामाच्या पैशातून आपला हिस्सा घेतो. काम देण्याच्या नावाखाली जो आधी पैसे मागतो त्याचं गिऱ्हाईक दिग्दर्शक नसून तुम्ही असता. माझ्याकडे आलेल्या एका मुलानं असाच पोर्टफोलिओ काढला होता. फोटो फार सुंदर होते. त्यांतला एक त्याच्या बहिणीच्या लग्नात पत्रिकेवर छापला, तेवढाच उपयोग झाला. सतराव्या वर्षी मोबाइलवर, खिडकीच्या उजेडात काढलेला साधा फोटो ऑडिशनला पुरतो. आणि मुलगी अठराच्या आतली आहे, तेव्हा कुठल्याही ऑडिशनला घरातलं मोठं माणूस बरोबर हवंच. नको म्हणणाऱ्याकडे जायचं नाही.

कॉलेजही सोडायचं नाही, पण ‘आधी डिग्री, मग तुझं ते नाटक’ या अर्थानं नव्हे. बारावी सायन्सनं झाली तरी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्य किंवा नृत्य या विषयात बी.ए. करता येतं. तिथं प्रवेश देताना मार्कांपेक्षा तुम्ही काय करून दाखवता ते बघतात. ते जमलं नाही तर जवळपासच्या, नाटकाचा चांगला ग्रुप असलेल्या कॉलेजात कुठल्याही शाखेला जाऊ दे. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका, मूकनाट्य, लोकनृत्य सगळं असतं. पुण्यात गेली तर पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आहे. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे अभिनयाच्या प्रवेशाला पदवी लागते, आणि दिल्लीला तर आधी नाटकांत काम केल्याचा अनुभवही मागतात. म्हणजे कॉलेजची तीन वर्षं तिची त्याच कामात जातील. हे तिला समजावून सांगा, कारण तिच्या डोक्यात कॉलेज एकीकडे आणि अभिनय दुसरीकडे असं पक्कं बसलंय, आणि खरं सांगायचं तर ते तुमच्याकडूनच तिथं गेलंय.

तुम्ही मुलीच्या आड येताय का? पैशाच्या बाबतीत नाही. कथकच्या बाबतीत, थोड्या आलात. तीनशे मुलींमधून निवड होईल की नाही, हे ना तुमच्या हातात ना तिच्या. क्लास तेवढा आहे.

तर या महिन्यात दोनच गोष्टी करा. कथकच्या बाईंना फोन करून क्लास पुन्हा चालू करा, आठवड्यातून दोनच दिवस का होईना. दोन वर्षांत अंग जड झालं असेल, पहिला महिना रडेल, रडू दे. आणि दर रविवारी लेकीला पार्लरमध्ये कोपऱ्यातलं स्टूल द्या. कामाला लावू नका, नुसतं बसू दे, पण मोबाइल गल्ल्यात. रात्री तिनं त्या दिवशीची एक बाई वहीत उतरवायची: कशी बसली होती, बोलताना हात कुठं होता, कशाचं नाव काढलं तेव्हा गप्प झाली. नंतर ती बाई तुम्हाला करून दाखवायची. तुम्ही ओळखलीत, तर जमलं. चार रविवारांनंतर मला लिहा, आणि ती वही तेवढी गिऱ्हाइकांच्या हाती लागू देऊ नका.