मासळीचा बर्फ आणि केमो

प्रश्न : आईला आतड्याचा कॅन्सर आहे. दर ३ आठवड्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध चढवतात. ती म्हापसा बाजारात मासळी विकते. बर्फाला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. धंदा बंद करावा का?

उत्तर : धंदा चालू द्या, बर्फ मात्र दुसऱ्याने हाताळावा. या औषधाने नसांना थंडी सोसत नाही. डोसनंतरचे ५-७ दिवस जास्त त्रासाचे. तेव्हा पाणीही कोमटच द्या. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. शेवटा या माशाचा काटा टोचला तरी जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून मासे कापू देऊ नका. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा. पुढच्या डोसपर्यंत झिणझिण्या राहिल्या, ब्लाउजचा हूक लावता येईना, तर डॉक्टरांना सांगाच. ते डोस कमी करू शकतात. बायका हे सोसत बसतात आणि बधिरपणा कायमचा राहू शकतो.